कामगारांचा रविवार आणि चर्चची सभा

(द्वितीय वर्ष कला)

रविवार हा सुट्टीचा वार, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चाललो आहोत की, या सुट्टीलाही काही इतिहास असेल असे सहसा आपल्या मनात येत नाही. वास्तविक या इतिहासाचे दोन भाग आहेत. ही सुट्टी कष्टकऱ्यांना मिळाली कशी, हा पहिला भाग. मिळाल्यानंतर त्या मोकळ्या वेळावर हक्क कोणाचा, हा दुसरा. पहिल्या भागाविषयी क्रमिक पुस्तकांत थोडेफार वाचावयास मिळते. दुसऱ्याविषयी फारसे मिळत नाही. इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचा अभ्यास करताना कामाचे तास, मजुरी, खाणींतील मुले यांची माहिती आम्हांला झाली. परंतु सहा दिवस भट्टीपाशी उभा राहणारा माणूस सातव्या दिवशी काय करीत होता, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना 'प्लेझंट संडे आफ्टरनून', म्हणजे 'रविवारची प्रसन्न दुपार', या नावाच्या एका चळवळीची ओळख झाली. तिचाच परिचय करून देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

रविवार होता, पण कोणासाठी?

इंग्लंडमध्ये रविवार हा परमेश्वराचा वार. त्या दिवशी काम बंद, बाजार बंद आणि करमणूकही बंद. इ. स. १७८० च्या कायद्याने तर प्रवेश-फी घेऊन रविवारी करमणुकीचा किंवा वादविवादाचा जाहीर कार्यक्रम करण्यास मनाई केली होती. करमणुकीबरोबर वादविवादाचेही नाव या कायद्यात आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुट्टीच्या दिवशी माणसे एकत्र येऊन हसली तर राज्यकर्त्यांना आवडत नव्हते, आणि एकत्र येऊन बोलू लागली तर तेही आवडत नव्हते.

श्रीमंतांना या बंधनांचा विशेष जाच नव्हता. त्यांच्या घरी पुस्तके होती, बाग होती, गाडीघोडा होता. कामगाराला मात्र एकाच खोलीत सारे कुटुंब, बाहेर धुराने काळवंडलेली गल्ली आणि कोपऱ्यावर दारूचा गुत्ता, एवढेच होते. १८५४ साली रविवारी गुत्ते उघडे ठेवण्याचे तास कमी करण्यात आले. पुढच्याच वर्षी रविवारच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध घालणारे विधेयक आले, तेव्हा लंडनच्या हाइड पार्कमध्ये हजारो लोक जमले. बग्ग्यांतून फिरावयास आलेल्या सरदार-जमीनदारांची त्यांनी हुर्यो उडविली आणि अखेर ते विधेयक मागे घ्यावे लागले. त्याच १८५५ साली 'नॅशनल संडे लीग' ही संस्था स्थापन झाली. संग्रहालये रविवारी उघडी ठेवावीत, कारण मजुराला तेवढाच एक दिवस मोकळा असतो, ही तिची मागणी होती. मागणी साधी होती. पण लंडनची राष्ट्रीय संग्रहालये रविवारी उघडण्यास १८९६ साल उजाडावे लागले.

बर्मिंगहॅमच्या बाजूला आणखी एक गंमत होती. तेथील लहान कारखान्यांतील कारागीर आठवड्याच्या शेवटी रात्रंदिवस राबून काम पुरे करीत आणि सोमवारी खुशाल दांडी मारीत. या सोमवारला त्यांनी थट्टेने 'सेंट मंडे', म्हणजे 'संत सोमवार', असे नाव ठेवले होते. वाफेची यंत्रे आल्यावर मालकांना हा सोमवार परवडेना. त्याऐवजी शनिवारी अर्धा दिवस सुट्टी देण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. कामगाराचा स्वतः घेतलेला दिवस गेला आणि दुसऱ्याने नेमून दिलेला वेळ हाती आला.

चर्चपासून दुरावलेला माणूस

३० मार्च १८५१ या रविवारी इंग्लंड आणि वेल्समध्ये चर्चमधील उपस्थितीची गणना झाली. तिचा अहवाल होरेस मान यांनी लिहिला. उपासनेला येणे शक्य असूनही न आलेल्यांची संख्या त्यांनी सुमारे ५२ लाख काढली. त्या वेळी लोकसंख्या एक कोटी ७९ लाखांच्या आसपास होती. या गैरहजर माणसांत शहरांतील मजूरवर्ग मोठ्या प्रमाणावर आहे, असेही त्यांनी नमूद केले. सुशिक्षित समाजाला याचा मोठा धक्का बसला.

कारणे शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. अनेक चर्चमध्ये पुढची बाके भाडे भरणाऱ्या कुटुंबांसाठी राखून ठेवलेली असत. फुकट बसणाऱ्याची जागा मागे किंवा कडेला. रविवारचा चांगला पोशाख अनेक मजुरांच्या घरी सोमवारी गहाण पडे आणि पगार झाल्यावर शनिवारी सुटे. ज्या आठवड्यात तो सुटला नाही, त्या आठवड्यात चर्चला जाणार कसे? प्रवचन लांबलचक, भाषा पंडिती, आणि उपदेश बहुधा समाधानी राहण्याचा. थोडक्यात, देवाच्या घरीही त्याला आपली पायरी ओळखून बसावे लागे.

असे असले तरी रविवार आणि शिक्षण यांचे नाते तिथे जुने होते. १७८० मध्ये ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी गरीब मुलांसाठी रविवारची शाळा सुरू केली. आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना तेवढाच दिवस मोकळा असे. १७९८ साली नॉटिंगहॅमला विल्यम सिंगलटन आणि सॅम्युएल फॉक्स यांनी प्रौढांसाठी शाळा काढली. ती लेस आणि मोज्यांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी होती. १८४५ मध्ये जोसेफ स्टर्ज यांनी बर्मिंगहॅमला सेव्हर्न स्ट्रीट येथे अशीच शाळा उघडली. चॉकलेटचे प्रसिद्ध कारखानदार जॉर्ज कॅडबरी हे रविवारी भल्या सकाळी उठून अशा प्रौढशाळेत शिकवावयास जात आणि हा नेम त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे पाळला. मोठ्या वयाचे, हाताला घट्टे पडलेले लोक तेथे पाटीवर अक्षरे गिरवीत.

वेस्ट ब्रॉमिचची सभा

बर्मिंगहॅमजवळ वेस्ट ब्रॉमिच हे लोखंडकामाचे गाव आहे. कोळशाच्या खाणी, ओतकामाचे कारखाने आणि स्प्रिंगा यांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथील एबेनेझर या काँग्रिगेशनल पंथाच्या चॅपेलमध्ये जॉन ब्लॅकहॅम नावाचे गृहस्थ डीकन, म्हणजे चॅपेलचा कारभार पाहणारे सेवक, होते. १८७५ च्या आरंभी अमेरिकन धर्मोपदेशक मूडी हे बर्मिंगहॅमला आले होते. त्यांच्या सभांना हजारो लोक लोटत. सोपी भाषा, रंगतदार गोष्टी आणि साथीला सँकी यांचे गायन, असा तो प्रकार होता. ब्लॅकहॅम यांच्यावर त्याचा परिणाम झाला. आपल्या चॅपेलमधील दुपारचा पुरुषांचा वर्ग कंटाळवाणा झाला आहे, त्याचे रूप बदलले पाहिजे, असे त्यांनी ठरविले आणि त्याच वर्षी नवी सभा सुरू केली.

सभेची वेळ दुपारची. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली दिसते. सकाळी थकलेला माणूस उशिरापर्यंत झोपे, आणि दुपारी काही तास कायद्याने गुत्ते बंद असत. जेवण झाले आहे, जाण्यास ठिकाण नाही, अशी ती वेळ होती. सभा सुमारे तासाभराची. त्यात सर्वांनी म्हणावयाची गीते, वाद्यवृंद, एखादे एकल गायन, बायबलमधील छोटा उतारा आणि एक लहानसे भाषण. 'थोडक्यात, उल्हासाने, बंधुभावाने' हे चळवळीचे ब्रीद होते. बाकाला भाडे नाही, पोशाखाची अट नाही, दारात हात मिळवून स्वागत. नियमित येणाऱ्यांना वर्षाअखेर पुस्तके बक्षीस देण्याचीही पद्धत होती. ज्या घरात एकही पुस्तक नव्हते, त्या घरात अशा रीतीने पहिले पुस्तक आले असेल, तर त्याचे मोल आपण करू शकत नाही. निदान मला तरी ते करता येत नाही. कारण आमच्या घरात क्रमिक पुस्तकांखेरीज पहिले पुस्तक आले, ते माझ्या शालेय बक्षिसाचेच.

पहिली काही वर्षे ही सभा आसपासच्या गावांपुरती होती. १८८० नंतर ती वाढू लागली आणि १८९० नंतर इंग्लंडच्या बहुतेक औद्योगिक शहरांत पोहोचली. 'पी. एस. ए.' ही तीन अक्षरे घराघरांत माहीत झाली. पुष्कळ ठिकाणी सभेला जोडून बचतीचा क्लब, आजारपणाचा फंड, वाचनालय अशा गोष्टी उभ्या राहिल्या. त्यांचे सेक्रेटरी, खजिनदार, स्वागतक, वादक हे सभासदांतूनच होत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या सभांना 'ब्रदरहूड', म्हणजे 'बंधुसभा', असे नाव रूढ झाले आणि देशव्यापी संघटना झाली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र चळवळीला ओहोटी लागली. सिनेमा आला, रेडिओ आला, सहली आल्या आणि रविवारच्या दुपारी जावयास दुसरी ठिकाणे निर्माण झाली.

दोन्ही बाजूंचे आक्षेप

या सभांवर टीकाही पुष्कळ झाली, आणि ती दोन विरुद्ध दिशांनी झाली. काही धर्मोपदेशकांचे म्हणणे असे की, ही उपासना नव्हे, फुकटचा जलसा आहे; दुपारी गाणी ऐकणारा माणूस संध्याकाळी प्रार्थनेला येतच नाही. दुसरीकडे समाजवादी म्हणत की, हा कामगाराला गुंगविण्याचा डाव आहे. पोटाचा प्रश्न बंधुभावाच्या गोड गाण्यात बुडवून टाकावयाचा.

मला दोन्ही आक्षेपांत तथ्य वाटते. १८६७ च्या कायद्याने शहरांतील अनेक कामगारांना मताचा हक्क मिळाला होता आणि १८७१ मध्ये कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली होती. अशा वेळी हा वर्ग आपल्या हाताबाहेर जाऊ नये, असे चर्चच्या प्रतिष्ठित मंडळींना वाटले असल्यास नवल नाही. शिवाय प्रौढशाळेत निदान प्रश्न विचारता येई, पी. एस. ए. च्या सभेत समोरचा माणूस मुख्यतः श्रोताच होता. आणि तो पुरुष होता. स्त्रियांच्या 'भगिनीसभा' पुढे निघाल्या खऱ्या, परंतु रविवारची दुपार प्रसन्न झाली ती प्रथम पुरुषांची. नवरा सभेला गेला तेव्हा जेवणाची भांडी कोण घाशीत होते, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते.

ऐकणारे बोलू लागले

तरीही एवढ्यावर निकाल देणे बरोबर होणार नाही, असे मला वाटते. चर्चने काय हेतूने दार उघडले हा एक प्रश्न. आत आलेल्या माणसाने काय मिळविले हा दुसरा. सभेचा वृत्तांत लिहावयाचा तर लिहिणे आले, वर्गणीचा हिशेब ठेवावयाचा तर आकडेमोड आली, पाहुण्यांचे आभार मानावयाचे तर चार माणसांसमोर उभे राहणे आले. ज्याला कारखान्यात 'होय साहेब' याखेरीज तोंड उघडण्याची सवय नाही, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

आर्थर हेंडरसन यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १८६३ साली ग्लासगो येथे गरिबीत त्यांचा जन्म झाला. पुढे न्यूकॅसलच्या कारखान्यात ते ओतकामात साचे तयार करण्याचे काम शिकले. मेथडिस्ट चॅपेलमध्ये ते प्रवचन करू लागले आणि तिथेच बोलण्याची कला त्यांनी हस्तगत केली. हाच साचेकार १९०३ मध्ये पार्लमेंटमध्ये निवडून गेला, मजूर पक्षाचा नेता झाला, ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला आणि १९३४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. बंधुसभांच्या व्यासपीठाशी त्यांचा निकटचा संबंध होता. दुसरे केर हार्डी. वयाच्या दहाव्या वर्षी खाणीत उतरलेला हा मुलगा पुढे धर्मप्रवचने करू लागला, मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाला आणि १९०७ साली हिंदुस्थानातही येऊन गेला. १९०६ च्या निवडणुकीनंतर पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांनी कामगारांच्या प्रतिनिधींना, तुमच्यावर कोणत्या पुस्तकांचा परिणाम झाला, असे विचारले होते. उत्तरांत रस्किन, डिकन्स, कार्लाइल यांच्याबरोबर बायबलचे नाव ठळकपणे आले.

काहींना मात्र चर्चचे छप्परही नकोसे झाले. जॉन ट्रेव्हर हे मँचेस्टरचे एक युनिटेरियन धर्मोपदेशक. त्यांच्याकडे येणारा एक कामगार येईनासा झाला. कारण विचारता, इथे मोकळा श्वास घेता येत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. ट्रेव्हर यांनी १८९१ च्या ऑक्टोबरमध्ये 'लेबर चर्च', म्हणजे कामगारांचे स्वतःचे चर्च, स्थापन केले. रविवारीच सभा, गीतेही तशीच, पण भाषण कामगारांच्या हक्कांवर! जी रीत कामगार चॅपेलमध्ये शिकला, तीच त्याने आपल्या कामासाठी वापरली.

आपल्याकडचा रविवार

आपल्याकडे ही गोष्ट उलट्या क्रमाने घडली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तिथे रविवार आधीपासून होता. आपल्या गिरणी कामगाराला तो मागून घ्यावा लागला. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी ही तेथील ठरावांतील एक प्रमुख मागणी होती. निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे इंग्लंडमध्ये रविवारने माणसाला बोलावयास शिकविले. मुंबईत माणसे बोलली म्हणून रविवार मिळाला. वेस्ट ब्रॉमिचच्या सभेत ज्यांना जागा नव्हती, त्या बायका महालक्ष्मीला व्यासपीठावर उभ्या होत्या, याचा मला अभिमान वाटतो.

चर्चच्या समाजकार्याचा थेट धागाही मुंबईत सापडतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने कामगारवस्तीच्या नागपाडा भागात 'नेबरहूड हाउस' उभारले. त्याचे प्रमुख क्लिफर्ड मॅन्शार्ट हेच पुढे १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजकार्य विद्यालयाचे पहिले संचालक झाले. त्याआधी प्रार्थना समाजाने मजुरांसाठी रात्रशाळा चालविल्या होत्या. आणि या सर्वांच्या कितीतरी आधीपासून आपल्या कष्टकऱ्यांचे स्वतःचे भजनी मंडळ होतेच. त्याला ना बाकाचे भाडे, ना पोशाखाची अट.

माझे वडील फौंड्रीत मोल्डिंगच्या कामावर आहेत, म्हणजे हेंडरसन यांच्याच धंद्यातले. आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते; बर्मिंगहॅमचा 'संत सोमवार' वाचताना म्हणूनच मला हसू आले. वडील भजनात पुढे बसतात, त्यांचा आवाज साऱ्या आळीला ऐकू जातो. परंतु गेट-मीटिंगमध्ये ते कधी बोलल्याचे मी ऐकलेले नाही. ज्या गळ्याला टाळ-मृदंगाबरोबर शंभर माणसांसमोर गाण्याचे भय नाही, त्याला आपल्या मजुरीविषयी दोन वाक्ये बोलताना भय का वाटावे? गाणे सर्वांचे असते आणि बोलणे एकट्याचे, हे त्याचे कारण असावे. एकट्याने बोलण्याचा सराव कोणीतरी करून घ्यावा लागतो. इंग्लंडमधील चॅपेलने, हेतू काही असो, तो सराव करून घेतला. आणि आईविषयी म्हणावयाचे तर, वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी तिचे काम वाढते, एवढेच मी नमूद करते.

समारोप

या अभ्यासातून मला जे उमगले ते थोडक्यात असे. सुट्टी म्हणजे केवळ कामाचा अभाव नव्हे. त्या रिकाम्या वेळावर गुत्तेवाल्याची, धर्मोपदेशकाची, पुढाऱ्याची, आणि आज खिशातल्या मोबाइलवाल्याचीही नजर असते. वेळ भरून देणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. कसोटी एकच : त्या ठिकाणाहून माणूस परतला तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक मोकळेपणाने बोलू लागला की अधिक मुकाट झाला? या कसोटीवर 'रविवारची प्रसन्न दुपार' निम्मी उतरते आणि निम्मी उतरत नाही. तरी जे निम्मे उतरते त्याचे मोल मोठे आहे.

आज कंत्राटी कामगाराला सुट्टी म्हणजे बुडालेली रोजंदारी. तेव्हा पहिल्या भागाचा, म्हणजे सुट्टी मिळविण्याचा इतिहासही अद्याप संपलेला नाही. महाविद्यालयात आम्हांला वक्तृत्व मंडळ आहे, वाचनालय आहे, भित्तिपत्रक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही वस्त्यांत जातो तेव्हा झाडू घेऊन जातो, ते योग्यच आहे. त्याबरोबर आठवड्यातून एक तास, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, वस्तीतील माणसांनी बोलावे आणि आम्ही ऐकावे, अशी एखादी सभा का सुरू करू नये? भाषण देण्यास कोणी पाहुणा बोलावण्याची गरज नाही. वेळ मात्र बायकांना विचारून ठरवावी.